गुण येईल ना, डॉक्टर?

पहिल्या भेटीत आई फारसं बोलत नाही. मुलाला काय होतंय ते मोठा भाऊ सांगतो, वडील मध्येच दुरुस्ती करतात, आणि आई मुलाच्या सदऱ्याची बाही धरून बाकावर बसलेली असते. औषधाची चिठ्ठी हातात पडते, बाकीचे उठतात, आणि मग ती दारात थांबून विचारते, ‘गुण येईल ना, डॉक्टर?’

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर पुण्यात आणि मुळशी तालुक्यात उपचार करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की हे पुस्तक दुसऱ्या कशाने सुरू करणं मला जमलं नसतं. माझं उत्तर ठरलेलं असतं: ‘बहुतेकांना येतो. चार-सहा आठवडे बघू या.’ हे उत्तर खोटं नाही, पण पुरेसंही नाही. शंभर रुग्णांचं काय होतं हे वैद्यकशास्त्राला बऱ्यापैकी माहीत आहे. आईला शंभरांचं विचारायचंच नसतं. तिला एकाचं हवं असतं, आणि त्या एकाबद्दल पहिल्या दिवशी छातीठोकपणे सांगावं असं माझ्याकडे फार थोडं असतं.

शंभरांवरून एकाकडे येण्याची ही वाट संगणक दाखवू शकेल का, हा या पुस्तकाचा विषय. हजारो रुग्णांच्या नोंदींवरून यंत्राला शिकवायचं आणि नव्या रुग्णाला कुठलं औषध लागू पडेल याचा अंदाज त्याच्याकडून घ्यायचा. याला मशीन लर्निंग म्हणतात, मराठीत यंत्रशिक्षण. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर यावर बरंच काम झालं. त्यातलं काय हाती लागलं, काय हातातून निसटलं आणि आपल्या तालुक्यातल्या माणसाला त्याचा उपयोग कधी आणि कोणत्या अटींवर होईल, हे मराठीत, शक्य तितक्या सरळ भाषेत मांडायचं म्हणून हे लिहायला घेतलं.

हे मुळशीत बसून लिहावं, याला कारण आहे. हिंजवडीचं माहिती-तंत्रज्ञान उद्यान मुळशी तालुक्यात येतं. यंत्राला शिकवणं हाच ज्यांचा रोजचा धंदा आहे अशी माणसं तिथे हजारोंनी काम करतात. लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिसचं तंत्रज्ञान महाविद्यालय आहे, रुग्णालय आहे, आणि २०२० साली सुरू झालेलं मुलींचं वैद्यकीय महाविद्यालयही आहे. त्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, मुळशी धरणाच्या वर, ताम्हिणीच्या अंगाला अशा वाड्या आहेत जिथे पावसाळ्यात एसटी चुकली की दिवस गेला. तिथल्या तरुणाला आवाज ऐकू येऊ लागले तर घरचे आधी देवऋष्याकडे जातात, अंगारा लावतात, उतारा टाकतात. त्याला दवाखाना दिसेपर्यंत महिने उलटलेले असतात, कधी वर्षं. ही दोन्ही टोकं एका तहसीलदाराच्या हद्दीत आहेत. त्यांची गाठ पडावी ही या लिखाणामागची इच्छा आहे.

आधी आजाराबद्दल. स्किझोफ्रेनिया हे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली दिलं. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. नावामुळे गैरसमज होतो, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो: एका माणसात दोन माणसं राहतात, असा हा आजार नाही. कोणी नसताना बोलणं ऐकू येतं, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात याची खात्री पटते, विचारांची साखळी तुटते. ही झाली वरवर दिसणारी लक्षणं. त्याहून जास्त काळ टिकणारी लक्षणं आवाज करत नाहीत: माणूस आंघोळ टाळतो, बोलणं आटतं, कशातच मन लागत नाही. घरचे त्याला आळशी म्हणतात. तो आळस नसतो, आजार असतो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात स्किझोफ्रेनिया आणि तत्सम मनोविकार आयुष्यात कधी ना कधी झालेल्यांचं प्रमाण १.४ टक्क्यांच्या आसपास आढळलं, आणि अशा चार रुग्णांपैकी साधारण तिघांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने हे सर्वेक्षण १२ राज्यांत केलं. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी; पुढे ती पुन्हा येणार आहे.

मराठी घरांत या आजाराचं नाव उघडपणे घेतलं जाऊ लागलं, त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या स्वतःच्या घरात हा आजार आला. त्यांनी तो लपवला नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. धायरीत तिचं पुनर्वसनाचं काम चालतं आणि रुग्णांचे नातेवाईक तिथे एकमेकांशी बोलतात. डॉ. वाणींच्याच पाठबळातून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ साली आला. अतुल कुलकर्णींनी त्यात स्किझोफ्रेनिया झालेला माणूस उभा केला. ‘आमच्याकडे त्या सिनेमातल्यासारखं आहे’ असं सांगत नातेवाईक दवाखान्यात आले की आजही मला बरं वाटतं, कारण निम्मी लढाई तिथे जिंकलेली असते. मुळशीतल्या माणसाला देवराई समजावून सांगावी लागत नाही. डोंगराच्या कुशीतलं ते राखलेलं रान त्याच्या गावाला असतं. आणि आकड्यांचा अभ्यास करणारा माणूस या आजाराच्या माणसांसाठी उभा राहिला, ही गोष्ट या पुस्तकाच्या विषयाला फार जवळची आहे. आकडे आणि माया एका माणसात नांदू शकतात, हे वाणी सरांनी दाखवून दिलं.

आता औषधांकडे येऊ. १९५२ साली पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात झां दले आणि पिएर डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोविकाराच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि मनोरुग्णालयांचं चित्र पालटायला सुरुवात झाली. तेव्हापासून डझनावारी औषधं आली. बहुतेकांचं मुख्य काम एकच: मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा जोर कमी करणं. पहिल्यांदा आजारी पडलेल्यांपैकी बहुतेकांना त्याने चांगला गुण येतो. पण एकूण रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांशांचा आजार नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा मात्रेत, प्रत्येकी किमान सहा आठवडे देऊनही लक्षणं हटली नाहीत, की त्याला उपचारांना न जुमानणारा स्किझोफ्रेनिया म्हणतात.

अशा रुग्णांसाठी क्लोझापिन हे औषध आहे. १९८८ साली अमेरिकेत जॉन केन आणि सहकाऱ्यांनी इतर औषधांनी बरं न वाटलेल्या २६८ रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. सहा आठवड्यांत क्लोझापिन घेणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांना गुण आला, क्लोरप्रोमाझीन घेणाऱ्यांपैकी फक्त ४ टक्क्यांना. इतकं प्रभावी औषध आपण पहिल्या दिवशीच का देत नाही? कारण थोड्या रुग्णांत ते रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत कमी करतं. १९७५ साली फिनलंडमध्ये त्यामुळे मृत्यू झाले आणि अनेक देशांत ते मागे घेण्यात आलं. आज ते नियमित रक्ततपासणीच्या अटीवर दिलं जातं. सुरुवातीचे काही महिने तर दर आठवड्याला. शहरात हे जमतं. ताम्हिणीच्या अलीकडच्या वाडीवरून दर आठवड्याला रक्त द्यायला खाली यायचं म्हणजे दोघांची मजुरी बुडते.

म्हणून व्यवहारात काय होतं? एक औषध, सहा आठवडे. मग मात्रा वाढवून बघतात. मग दुसरं औषध, पुन्हा सहा आठवडे. मध्येच वजन वाढतं, हात थरथरतात, झोप आवरत नाही, आणि रुग्ण गोळ्या सोडतो. अमेरिकेतल्या केटी नावाच्या मोठ्या अभ्यासात सुमारे दीड हजार रुग्ण होते. २००५ साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा दिसलं की ७४ टक्के रुग्णांनी १८ महिन्यांच्या आत पहिलं औषध सोडलेलं किंवा बदललेलं होतं. या सगळ्यात विशी-पंचविशीतल्या माणसाची वर्षं जातात. शिक्षण सुटतं, लग्न मोडतं, शेतातलं काम दुसऱ्याच्या हाती जातं. कोणाला क्लोझापिन लागेल हे पहिल्या महिन्यातच कळलं असतं तर ही वर्षं वाचली असती. यंत्राकडून मागायचं ते हे. कोण बरा होणार नाही, हे सांगणारा ज्योतिषी आपल्याला नको आहे. कोणाला अधिक मदत लवकर लागेल, हे सांगणारा मदतनीस हवा आहे.

एकाच आजाराला एकाच औषधाने वेगवेगळा गुण का येतो? एक कारण मेंदूत आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या अभ्यासांत असं दिसलं की औषधाला दाद देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन जास्त तयार होत होतं, तर दाद न देणाऱ्यांमध्ये ते निरोगी माणसांइतकंच होतं. जिथे डोपामिन मुळातच वाढलेलं नाही, तिथे ते दाबून किती फरक पडणार? बाकीची कारणं शरीरात आणि घरात आहेत. बिडी-सिगरेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन जलद निकामी करतं. म्हणून बिडी ओढणाऱ्याच्या रक्तात त्याच मात्रेतलं औषध कमी उरतं, आणि रुग्णालयात दाखल झाल्यावर बिडी सुटली की तीच मात्रा जड होते. आजार सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत किती काळ गेला, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. गोळ्या कोण देतं, खरंच घेतल्या जातात का, घरात सतत वाद होतात की शांतता आहे, हेही आहेच. इतके धागे एका वेळी डोक्यात धरून अंदाज बांधणं डॉक्टरला अवघड जातं. यंत्राला ते सोपं जावं, अशी कल्पना.

यंत्र शिकतं कसं? कल्पना करा की आपल्याकडे पाचशे रुग्णांच्या फायली आहेत. प्रत्येकीत वय, शिक्षण, लक्षणांची तीव्रता, रक्ताचे आकडे, मेंदूचं चित्र अशा दोनशे नोंदी आहेत आणि शेवटी लिहिलेलं आहे की सहा आठवड्यांनी गुण आला की नाही. यातल्या चारशे फायली उत्तरासकट यंत्राला दाखवायच्या. कोणत्या नोंदी एकत्र आल्या की गुण येतो, याचं गणित ते स्वतः बसवतं. मग उरलेल्या शंभर फायली उत्तर झाकून द्यायच्या आणि किती बरोबर येतात ते मोजायचं. इथे एक खड्डा आहे. रुग्ण थोडे आणि नोंदी पुष्कळ असल्या की यंत्र विषय समजून न घेता पाठांतर करतं. गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका तोंडपाठ केलेल्या विद्यार्थ्यासारखं ते जुन्या प्रश्नांना पैकीच्या पैकी गुण मिळवतं आणि नव्या प्रश्नाला अडतं. अशा पाठांतराला बळी पडलेले निष्कर्ष या क्षेत्रात कमी नाहीत.

काळजीपूर्वक केलेल्या कामाचं उदाहरण म्हणजे २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिॲट्री’ या नियतकालिकात आलेला निकोलाओस कुत्सुलेरिस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या युरोपातल्या ३३४ रुग्णांची माहिती त्यांनी वापरली. चार आठवड्यांनी आणि वर्षाने कोणाची स्थिती चांगली असेल, याचा अंदाज यंत्राने सुमारे ७५ टक्के अचूकतेने केला. मला त्या आकड्यापेक्षा त्यामागची कारणं महत्त्वाची वाटतात. अंदाजाला सर्वाधिक उपयोगी पडलेल्या गोष्टींत मेंदूची महागडी चित्रं नव्हती. रुग्णाला काम आहे का, त्याचं शिक्षण किती झालं, रोजचे व्यवहार त्याला जमतात का, त्याच्या कुठल्या गरजा अपुऱ्या राहिल्या आहेत, या गोष्टी होत्या. बेकारीमुळेच आजार चिघळतो, असं यावरून सिद्ध होत नाही. आजारामुळेही काम सुटतं. पण इतकं नक्की, की जे प्रश्न गावातली आशा स्वयंसेविका, आपली आशाताई, ओट्यावर बसून विचारू शकते, त्यांत मोठी माहिती दडलेली आहे.

आपल्या देशातही काम झालं आहे. निमहान्समध्ये औषध अजून सुरू न केलेल्या ८१ रुग्णांची आणि ९३ निरोगी माणसांची मेंदूचित्रं घेतलेली होती. ती वापरून निमहान्स आणि कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी यंत्राला रुग्ण ओळखायला शिकवलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात ८७ टक्के अचूकता मिळाली. तिथे प्रश्न निदानाचा होता, गुणाचा नव्हता; पण भारतीय रुग्णांच्या माहितीवर, भारतीय डॉक्टरांच्या सहभागाने असं काम नीट होऊ शकतं, हे त्यातून दिसलं.

मग जानेवारी २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध आला. तो या पुस्तकाचा कणा आहे. ॲडम चेक्रूड आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियावरच्या औषधांच्या पाच आंतरराष्ट्रीय चाचण्यांची माहिती एकत्र केली. एकाच चाचणीतल्या काही रुग्णांवर शिकवलेलं यंत्र त्याच चाचणीतल्या उरलेल्या रुग्णांबद्दल चांगले अंदाज करत होतं. तेच यंत्र दुसऱ्या चाचणीतल्या रुग्णांपुढे ठेवलं, तर त्याचे अंदाज नाणं उडवून काढलेल्या कौलापेक्षा फारसे बरे ठरले नाहीत. आजार तोच, औषधांचा प्रकार तोच, लक्षणं मोजण्याची पट्टीही तीच. माणसं, ठिकाण आणि परिस्थिती बदलली आणि यंत्राची विद्या संपली. कुत्सुलेरिस स्वतः या निबंधाच्या लेखकांत आहेत, याचं मला विशेष वाटतं. आपल्याच क्षेत्राची अडचण त्यांनी जगापुढे ठेवली.

भात लावणाऱ्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. दुसऱ्या तालुक्यातल्या प्रात्यक्षिकात भरघोस उतरलेलं बियाणं तो सरसकट सगळ्या खाचरांत टाकत नाही. एक खाचर वेगळं ठेवतो, तिथे लावून बघतो, आपल्या पावसात ते लोळतं का, आपल्या मातीत दाणा भरतो का हे पाहतो, आणि मग पुढच्या वर्षी ठरवतो. परदेशात शिकलेलं यंत्र आपल्या दवाखान्यात आणतानाही एवढीच सावधगिरी हवी. आपल्या रुग्णांवर ते आधी तपासलं पाहिजे, आणि त्या तपासणीत त्याच्या अंदाजावर कोणाचा उपचार ठरवायचा नाही.

आपली माती खरोखरच वेगळी आहे, याला पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा मोठा अभ्यास सुरू केला. त्यात भारतातलं केंद्र आग्रा होतं. काही वर्षांनी पाहिलं तेव्हा आग्र्यातले आणि नायजेरियातल्या इबादानचे रुग्ण श्रीमंत देशांतल्या अनेक केंद्रांतल्या रुग्णांपेक्षा बऱ्या स्थितीत होते. याची कारणं काय, यावर अजून वाद आहे. एकत्र कुटुंब, शेतात झेपेल तेवढं काम मिळणं, आजाराकडे पाहण्याची दृष्टी, असं बरंच पुढे केलं जातं. कारण काहीही असो, म्यूनिक किंवा शिकागोतल्या रुग्णांवरून बसवलेलं गणित मुळशीतल्या माणसाला जसंच्या तसं लागू होईल, असं धरून चालता येत नाही. आणि आपल्याकडचे आकडे? राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता, हे वर सांगितलं. यंत्र शिकायला तयार आहे. त्याला शिकवायला आपल्याकडे वही नाही.

अचूकतेच्या आकड्याने भुलू नये, म्हणून एक छोटा हिशेब इथेच मांडतो. समजा, शंभर नवे रुग्ण आले आणि त्यांतल्या २५ जणांना नेहमीच्या औषधाने गुण येणार नाही. यंत्र दोन्ही बाजूंनी ७५ टक्के अचूक आहे. ते त्या २५ जणांपैकी सुमारे १९ जणांना बरोबर ओळखेल. पण उरलेल्या ७५ जणांपैकीही १९ जणांवर ते चुकीची खूण करेल. म्हणजे यंत्राने ज्यांना ‘गुण येणार नाही’ म्हटलं, अशा ३८ जणांपैकी निम्मे खरं तर बरे होणारे असतील. या खुणेवरून लगेच क्लोझापिन सुरू केलं, तर १९ जणांना विनाकारण रक्ततपासणीच्या फेऱ्यांत अडकवलं. त्याहून वाईट म्हणजे या खुणेवरून कोणी हात टेकले, तर १९ माणसांवर अन्याय झाला. मात्र याच खुणेवरून त्या ३८ जणांना पंधरा दिवसांऐवजी आठवड्याने बोलावलं, घरी आशाताईंना पाठवलं, गोळ्या घेतल्या जातात का हे पाहिलं, तर कोणाचंच नुकसान नाही आणि निम्म्यांचा मोठा फायदा. यंत्राचा अंदाज चांगला की वाईट, हे त्याच्या पाठोपाठ आपण काय करतो यावर ठरतं.

यंत्र येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायची गरजही नाही. २०१५ साली ३४ अभ्यासांतल्या साडेनऊ हजारांच्या आसपास रुग्णांची माहिती एकत्र पडताळली गेली. औषध सुरू केल्यावर दोन आठवड्यांत लक्षणांत किमान २० टक्के उतार पडला नाही, तर त्याच औषधाने पुढे लक्षणं निम्म्याने कमी होण्याची शक्यता फार थोडी असते. अशा रुग्णांपैकी सुमारे ९० टक्क्यांना तेवढा गुण आला नाही. याला संगणक लागत नाही. लागतं ते इतकंच, की पहिल्या दिवशी आणि चौदाव्या दिवशी लक्षणं नीट मोजावीत.

मोजण्यासाठी १९८७ पासून पॅन्स ही पट्टी वापरली जाते. तिच्यात ३० लक्षणं आहेत आणि प्रत्येकाला १ ते ७ गुण. लक्षण मुळीच नसेल तरी १ गुण मिळतो, म्हणून निरोगी माणसाची बेरीजही ३० येते. इथे अनेकांची चूक होते. रुग्णाचे गुण ९० वरून ६० झाले तर सुधारणा एक तृतीयांश वाटते. पण आधी दोन्हींतून ते ३० वजा करायचे, म्हणजे ६० वरून ३० झाले: सुधारणा ५० टक्के. पहिला, चुकलेला हिशेब यंत्राला शिकवला, तर यंत्र चूकच शिकणार. भाषेचंही तसंच. ‘तुमचे विचार दुसऱ्याला ऐकू जातात का?’ हा प्रश्न पुस्तकी मराठीत विचारला, तर कोळवण खोऱ्यातल्या आजी ‘हो, मोठ्याने बोललं की जातात’ म्हणतील आणि चुकीची नोंद होईल. त्यांच्या बोलीत कसं विचारायचं हे जाणणारा माणूस खोलीत हवा. पुढच्या एका प्रकरणात अशा प्रश्नांची मराठी मांडणी सविस्तर दिली आहे.

राहिला संमतीचा प्रश्न. मुळशीला तो इतिहासातून माहीत आहे. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथे धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. इथल्या माणसांच्या जमिनी धरणात गेल्या, त्या पाण्यावरची वीज मुंबईला गेली. रुग्णाची माहिती ही त्याची जमीनच आहे, असं मी मानतो. ती त्याला विचारून, त्याच्या भाषेत समजावून घ्यायला हवी. ‘नाही’ म्हटल्याने उपचारात काडीचाही फरक पडणार नाही, हे आधी सांगायला हवं. आणि तिच्यातून जे पीक येईल त्यातला वाटा त्याच्या गावच्या दवाखान्याला मिळायला हवा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, आणि वैद्यकातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ साली नैतिक मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. कागदावर आधार आहे. तो पाळणारी माणसं आपण व्हायचं आहे.

या पुस्तकात सोपं ते आधी आणि अवघड ते नंतर, असा क्रम ठेवला आहे. नातेवाइकांनी पहिली तीन प्रकरणं वाचली तरी पुरेल: आजार, औषधं आणि नोंद. परिचारिका, आशाताई आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी त्यापुढची मोजमापाची प्रकरणं वाचावीत. हिंजवडीत आणि लवळ्यात यंत्राशी रोज बोलणाऱ्या तरुण मित्रांसाठी शेवटचा भाग आहे. त्यांना माझी एक विनंती आहे. गणित बसवायला घेण्याआधी महिनाभर, आठवड्यातून एकदा, तालुक्यातल्या एखाद्या दवाखान्याच्या बाकावर येऊन बसा. तुमच्या तक्त्यातली एकेक ओळ म्हणजे कोण माणूस आहे, ते तिथे दिसेल.

माझं मत मी लपवून ठेवलेलं नाही. यंत्राच्या अंदाजावर एकेका रुग्णाचा उपचार ठरवावा, इतकी ही विद्या आज पक्की झालेली नाही. पण ती होईल असं मला वाटतं, आणि ती आपल्या माणसांवरून शिकलेली असावी यासाठी आजपासून काम करावं लागेल. ते काम प्रयोगशाळेच्या आधी घरात सुरू होतं. म्हणून वाचकहो, तुमच्या घरात हा आजार असेल तर एक साधी वही करा. पहिलं लक्षण कधी दिसलं, पहिली गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली, तिचं नाव आणि मात्रा काय, झोप किती, जेवण कसं, दिवसाला बिड्या किती, आणि चौदाव्या दिवशी काय बदललं, एवढं तिच्यात लिहा. मनात घालमेल झाली, दवाखाना लांब असला, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही बोला. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. गोळ्या मनाने बंद करू नका. आणि पुढच्या तपासणीला येताना ती वही सोबत आणा.